शेडिंगमुळे शेडिंग राहिलं

श्रावणात पेणला गणपतीच्या कारखान्याबाहेर थोडा वेळ रेंगाळलात, तर हे वाक्य कानावर पडण्याची दाट शक्यता आहे. कारखानदार फोनवर मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगत असतो, “शेठ, माल तयार आहे हो, पण कालपासून शेडिंगमुळे शेडिंग राहिलंय.” पलीकडचा शेठ धंद्यात मुरलेला असेल तर “बरं, मग परवा टेम्पो पाठवतो” म्हणून फोन ठेवतो. नवखा असेल तर विचारतो, “म्हणजे नक्की झालंय काय?” त्यावर उत्तर येतं, “अहो, लाईट नाय!”

यातलं पहिलं शेडिंग म्हणजे लोडशेडिंग. २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्रात ते इतकं बोकाळलं, की त्यातला ‘लोड’ लोकांनी बाहेरच उतरवून ठेवला आणि नुसतं शेडिंग घरात घेतलं. वेळापत्रक लावून होणारं ते भारनियमन आता गेलं, तरी तारेवर फांदी पडून वीज गेली की पेणकर शेडिंगच म्हणतो. दुसरं शेडिंग रंगाऱ्याचं. मूर्तीला अंगाचा रंग देऊन झाला की सोंडेच्या वळणावर, गालांवर, पोटाच्या गोलाईखाली गनने गडद छटा मारतात. ती चढली की पोट गरगरीत दिसायला लागतं. तोवर ते नुसतं प्लास्टर असतं. गन चालते कॉम्प्रेसरवर, कॉम्प्रेसर चालतो विजेवर, आणि कोकणच्या पावसाळ्यात वीज कोणाच्याच हातात नसते. तेव्हा एका शेडिंगने दुसऱ्या शेडिंगचा घात केला, हे समजायला इंग्रजी येऊन उपयोग नाही. पेणला दोन-चार श्रावण काढावे लागतात.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात इंग्रजी शब्दाला त्याचं शिक्षण कोणी विचारत नाही. काम काय करतोस, एवढंच विचारतात. त्याचे वाडवडील लॅटिन होते की फ्रेंच, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. आला, कामाला लागला, दोन पावसाळे टिकला, की त्याला इथलं लिंग मिळतं, इथली विभक्ती मिळते आणि मग तो गावचाच होतो.

हमरापूर, जोहे, कळवे या पेणजवळच्या गावांत घरोघरी मूर्ती होतात. तिथे ‘फिनिशिंग’ हा एक रोजगार आहे. “सून काय करते?” “फिनिशिंगला जाते.” साच्याच्या दोन भागांमुळे मूर्तीवर जी शिवण उमटते ती घासायची, बारीक भोकं बुजवायची, पॉलिश पेपर मारून अंग गुळगुळीत करायचं. मूर्तीला रंग लागण्याच्याही आधीचं हे काम. म्हणजे ज्याला आपण शेवटचा हात म्हणतो तो इथे सुरुवातीलाच फिरतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ‘फॉरेन’ ही इथे गणपतींची जात आहे. “फॉरेनचे गेले का?” असं विचारलं की बोटीने परदेशी जाणारे गणपती समजायचे. ते पावसाळ्याच्या कितीतरी आधी पॅक होऊन निघतात. व्हिसाशिवाय फॉरेनला जाणारे पेणमध्ये हे एवढेच.

कारखान्यातली आणखी एक गोष्ट मला फार हुशारीची वाटते. तिथे मूर्ती कधी फुटत नाही, ‘डॅमेज’ होते. गणपतीच्या बाबतीत फुटला, मोडला, तुटला ही क्रियापदं तोंडातून काढायला जीभ रेटत नाही. पण “त्या रॅकवरचे चार डॅमेज आहेत” हे मात्र कारागीर बिनदिक्कत सांगतो. मराठीत बोलला असता तर त्याला आधी कान धरावे लागले असते. इंग्रजीत बोलल्यामुळे पाप लागत नाही, बहुधा चित्रगुप्ताची वही मराठीत असावी.

हा आडोसा आपण सगळेच वापरतो. घरातलं वडीलधारं माणूस ‘एक्स्पायर’ होतं. मराठीत वारले आहे, निवर्तले आहे, देवाघरी गेले आहे, कैलासवासी आहे, वैकुंठवासी आहे. पंथ बघून निवडता येतील इतके शब्द असताना आपण औषधाच्या पाकिटावर तारखेसकट छापलेला शब्द उचलतो. कारण तो रडत नाही. फोनवर पंचवीस नातेवाइकांना कळवायचं असतं, प्रत्येकाशी रडत बसलं तर तिरडीचं सामान कोण आणणार? दारूचंही तेच. दारू पिणारा भाचा वाया गेलेला असतो, ‘ड्रिंक्स घेणारा’ जावई सोशल असतो. बाटली तीच, बहुतेक वेळा एकाच टेबलावरची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि ‘अहो’ला विभक्ती लागत नाही, म्हणून ‘मिस्टर’ आले. “आमच्या मिस्टरांना शुगर निघाली.” या ‘निघाली’वर माझा जीव आहे. परसात खणताना मोहरांचा हंडा निघावा तशी रक्त तपासताना ही शुगर निघते आणि त्याच थाटात गावभर सांगितली जाते.

आता कोणी म्हणेल, ही भेसळ थांबवायला पाहिजे. जरूर. रायगड जिल्ह्यात तर हा उद्योग खुद्द रायगडावरच झालेला आहे. शिवराज्याभिषेकाच्या काळात रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला गेला. दरबारात रुळलेल्या तेराशेंहून जास्त फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द आहेत. त्याच सुमारास पदांचीही नावं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती झाला. सचिव तर असा टिकला की मंत्रालयात आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. पण पेशव्याचा पंतप्रधान केला आणि पुण्याने शेवटपर्यंत त्याला पेशवाच म्हटलं! पेणच्या कचेरीत आजही तहसीलदार बसतात, जमिनीचा कागद मागतात, आणि कागद, जमीन, तहसील हे तिन्ही शब्द ज्यांना घालवायचं ठरलं होतं त्यांच्याच गोतावळ्यातले. सावरकरांनी पुढे महापौर आणला, तो बसला. सगळेच बसत नाहीत. कोणता शब्द बसेल आणि कोणता उभाच राहील हे पंडितांना आधी कळत नाही, लोकांना तर विचारूच नये.

आणि शुद्ध करायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करणार? रोह्याच्या कामगाराचं महिन्याचं गणित बघा. कंपनी इंग्रजी. पगार पोर्तुगीज; चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज १७४० पर्यंत होते आणि कोर्लईच्या एका वस्तीत त्यांच्या भाषेची एक बोली अजून बोलली जाते, तेव्हा पगार काही फार लांबून आलेला नाही. हप्ता फारसी. कर्ज अरबी. वीस तारीख उलटल्यावर शेजाऱ्याकडे जी करावी लागते ती उसनवारी तेवढी अस्सल देशी. (तारीख अरबी.)

शब्दाला लिंग मिळालं की तो मराठी झाला, असं मी मघाशी म्हटलं त्याचा पुरावा महामार्गावर आहे. वडखळला बायपास झाला. आमच्या काकांची बायपास झाली. शब्द एकच, पण रस्त्याचा बायपास पुल्लिंगी आणि काळजाची बायपास स्त्रीलिंगी, हे कोणी शाळेत शिकवलेलं नाही. रस्ता तो म्हणून बायपास तो, शस्त्रक्रिया ती म्हणून बायपास ती. इंग्रजांना जे दोनशे वर्षांत सुचलं नाही ते वडखळच्या नाक्यावर एका वेलांटीत झालं. काकांना डॉक्टरांनी बजावलं होतं, बायपास झाल्यावर तीन महिने हायवेने प्रवास नको, गचके बसतील. काकांनी विचारलं, “आणि बायपासने गेलो तर?” डॉक्टर पनवेलचे असल्यामुळे त्यांना प्रश्न लगेच कळला.

हायवेनेही इंग्रजीची बरीच सेवा केली आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून ‘डेडलाईन’ ही या भागात पाळायची नाही, जाहीर करायची गोष्ट आहे. ती गणपतीच्या आधी येते, पाहणी दौऱ्यासमोर थोडा वेळ उभी राहते, फोटो निघतो आणि अनंत चतुर्दशीला सगळ्यांबरोबर विसर्जित होते. पुढच्या वर्षी लवकर या, असं मात्र तिला कोणी म्हणत नाही. ‘डायव्हर्जन’चंही तसंच. या टापूतल्या एका टपरीवाल्याने मला रस्ता सांगितला तो असा: “सरळ जा, डायव्हर्जन लागेल, मग परत डायव्हर्जन, मग अजून एक. मधेच चांगला रस्ता लागला तर समजायचं चुकलात.”

एसटीत ‘हाफ’ हा शब्द पूर्वी लहान मुलांचा होता. मुलगा पाचाचा की बाराचा यावरून कंडक्टर आणि आई यांच्यात जुंपायची, मुलगा गुडघे वाकवून उभा राहायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ मध्ये सर्व बायकांना निम्मं तिकीट झालं, आणि हाफ शब्द एकदम वयात आला. आता पेण स्टँडवर रोह्याच्या गाडीत चढलेलं कुटुंब तिकीट मागतं ते असं: “एक फुल, तीन हाफ आणि एक आजोबा.” आजी हाफ, सून हाफ, नात हाफ. आजोबा तर शून्यात. पूर्ण पैसे पडतात ते फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचे. एका ताईंनी कंडक्टरला खुलासाही केला, “आमच्यात फुल काय ते हे एकटेच.” हे वाक्य इंग्रजी कानांना कसं ऐकू येईल याचा विचार मिस्टरांनी न केलेला बरा.

रेल्वेचे शब्द जरा अदबशीर. १९८६ साली आपट्याहून रूळ रोह्यापर्यंत आले, आणि पुढे कोकण रेल्वे निघाली ती रोह्यापासूनच. रेल्वेच्या हिशेबी मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि रोह्याकडे येणारी डाऊन. लोकांनी दोन्ही जोडून एक क्रियापद केलं. “थोरला काय करतो?” “पनवेलला अपडाऊन करतो.” नोकरी कसली, हुद्दा काय, हे पुढे कोणी विचारत नाही आणि सांगणाऱ्यालाही सांगायची गरज वाटत नाही. खरं काम तेच आहे. पहाटे उठणं, डबा, जागा पकडणं, संध्याकाळी परत तेच. मधले आठ तास तो पनवेलला खुर्चीवर बसून विश्रांती घेतो, त्याला सरकारदरबारी नोकरी म्हणतात.

पण शब्दांचा खरा बाजार बघायचा तर जमिनीच्या व्यवहारात बघावा. मुंबईकरांना दुसरं घर हवं असतं, आणि पेण-नागोठणे-रोहा-कोलाड या पट्ट्यात ते मिळवून देणारी माणसं जागोजाग आहेत. त्यांचा मुख्य शब्द ‘पार्टी’. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. पार्टी एकटी असली तरी पार्टी, बायको-मुलं-सासू घेऊन आली तरी पार्टीच. “मुंबईची पार्टी आहे, व्हाईटची आहे” म्हटलं की चहा स्पेशल येतो. चहाच्या टपरीवर एकदा एका वाक्यात मी तीन पार्ट्या ऐकल्या: “पार्टीच्या माणसाने पार्टी आणलेय, व्यवहार झाला की पार्टी देतो बोललाय.” निवडणुकीतल्या पक्षाच्या कार्यकर्त्याने गिऱ्हाईक आणलं आहे आणि सौदा जमला तर कोंबडीचा बेत आहे. ऐकणाऱ्याने एवढंच विचारलं, “कनची पार्टी?” आणि सांगणाऱ्याला तिघांपैकी कोणती विचारली ते बरोबर कळलं.

जागेच्या वर्णनात ‘टच’ लागतो. रोड टच, रिव्हर टच, माउंटन टच. टच म्हणजे स्पर्श, अशा भाबड्या समजुतीने जो जागा बघायला जातो त्याने चांगले बूट घालावेत. रोड टच म्हणजे जिथे उभं राहून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो ती जागा. माउंटन टच म्हणजे डोंगरच. रिव्हर टचची मात्र फसवणूक नाही. कुंडलिकेच्या काठची जागा असेल तर जुलैत नदी स्वतः येऊन टच करून जाते. मग ‘टायटल क्लिअर’. वकील याचा अर्थ चार पानांत सांगतील. गावातला अर्थ चार शब्दांचा आहे: आत्यांच्या सह्या झाल्या आहेत. सातबारावर ज्या आत्यांची नावं आहेत त्यांतली एक सुरतला, एक विरारला आणि एकीशी १९८८ च्या हळदीकुंकवापासून बोलणं नाही, तोपर्यंत टायटल क्लिअर होत नाही. त्या एका सहीसाठी साडी जाते, माफी जाते, जुन्या आंब्याच्या झाडाची आठवण काढून दोन्हीकडून रडणं होतं आणि मग एजंट पार्टीला फोन करतो, “सर, टायटल क्लिअर झालं.”

मग फेरफार नोंदवायला सरकारी दारात जायचं. तिथे एक साहेब असतात, ज्यांच्या दरवाज्यावर मंडळ अधिकारी अशी स्वच्छ मराठी पाटी असते आणि ज्यांना आख्खा तालुका ‘सर्कल’ म्हणतो. “सर्कल आहेत का?” “सर्कल राऊंडला गेलेत.” भूमितीच्या दृष्टीने हे उत्तर इतकं निर्दोष आहे की माणूस निमूट परत फिरतो.

जमिनीच्याच गोष्टी निघाल्या म्हणून ‘सेझ’. हा शब्द तीन इंग्रजी अक्षरांचा, पण पेणच्या शेतकऱ्याने ती अक्षरं कधी सुटी केली नाहीत. स्पेशल काय, इकॉनॉमिक काय, झोन काय, त्याच्या गावी नव्हतं. जमीन जाणार एवढा अर्थ त्याला पहिल्याच दिवशी कळला होता आणि तो बरोबर होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन घ्यायच्या आधी मालकाला विचारण्याचा असा प्रसंग देशात तोवर कोणी पाहिला नव्हता. बाया भात लावणीच्या आवाजात “सेज नको” म्हणत होत्या, झ आणि ज यांच्यातला फरक कोणी मनावर घेतला नाही. सेझ गेला. शब्द मात्र उरला, चांगला ठणठणीत: आमच्याकडे अजूनही कोणाच्या बांधावर मोजणीची माणसं दिसली की लांबूनच विचारणा होते, “काय रे, परत सेझ काय?”

एक शब्द मात्र असा आहे की तो निघाला की पेणमध्ये कोणी हसत नाही. ‘अर्बन’. बाकीच्या जगात याचा अर्थ शहरी. पेणमध्ये याचा अर्थ बँक, एकच बँक, जिचे व्यवहार २०१० साली थांबले आणि निवृत्तीचे, लग्नाचे, भाताच्या विक्रीचे पैसे आत राहिले. “अर्बनमध्ये होते” असं माणूस म्हणतो आणि वाक्य तिथेच थांबवतो. काय होते, किती होते, हे विचारायची रीत नाही. शेजारच्या रोह्याने रिझर्व्ह बँकेला पहिला भारतीय गव्हर्नर दिला, चिंतामणराव देशमुख. संस्कृत, इंग्रजी आणि मराठी तिन्ही हाताशी असलेला हा माणूस, मेघदूताचं मराठी करणारा. अर्बनचं मराठी त्यांनाही करता आलं नसतं.

असो. रोह्याकडे वळलोच आहोत तर कंपनीत शिरू.

धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, रोह्याच्या अलीकडे नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा मोठा प्रकल्प आहे. पेणला गणपतीचा तो कारखाना आणि रोह्याला रसायनाची ती कंपनी. कारखाना म्हटलं की मालक ओळखीचा, कंपनी म्हटलं की तो कुठे राहतो ते माहीत नाही, असा हा साधारण भेद. कंपनीतल्या माणसाच्या घरी घड्याळाला आकडे नसतात. “मिस्टर फर्स्टला गेलेत.” “भाऊ सेकंडला आहे.” लग्न होऊन नवी आलेली मुलगी काही दिवस समजते की सासरी सगळे नंबरात येतात. मग नाईट सुरू होते, दुपारी घरात पिन पडली तरी “तो नाईट करून झोपलाय” असं दटावलं जातं, आणि तिला कळतं की रोह्यात रात्र दुपारी असते.

‘गॅस’ या शब्दाला धाटाव-नागोठण्याकडे इतकी कामं आहेत की त्याला ओव्हरटाईम द्यायला हवा. गॅस संपला म्हणजे स्वयंपाक अडला. गॅस झाला म्हणजे काल वालाचं बिरडं जास्त झालं. गॅस सुटला म्हणजे खिडक्या लावून घ्या. तिन्ही वाक्यं एकाच ओट्यावर, एकाच संध्याकाळी, एकाच बाईच्या तोंडून येऊ शकतात आणि चौथ्या घरातली बाई खिडकी लावायची की ओवा द्यायचा हे क्रियापदावरून ठरवते. इंग्रजी नामाला जीव देतं ते मराठी क्रियापद, हे व्याकरणाच्या पुस्तकात असो नसो, ओट्यावर आहे.

‘शटडाऊन’ म्हणजे बंद असं ज्याला वाटतं त्याने शटडाऊनच्या दिवसांत रोह्यात खोली भाड्याने शोधून दाखवावी. प्लांट दुरुस्तीसाठी बंद झाला की परराज्यातले वेल्डर येतात, फिटर येतात, लॉज भरतात, खाणावळीत दोन पंगती उठतात, गावातल्या कंत्राटदाराचा फोन कानाचा सुटत नाही. कंपनी बंद असते तेव्हा गाव जोरात चालतं.

आणि ‘ब्रेक’. मुंबईत ब्रेक म्हणजे कॉफी. इथे ब्रेक ‘देतात’. कंत्राटी मुलगा काही महिने सलग राबला की त्याला काही दिवस घरी बसवतात, म्हणजे त्याची नोकरी सलग भरत नाही, आणि मग परत घेतात. “सध्या काय करतोस?” “ब्रेक दिलाय.” हे ऐकून कोणी “वा, मजा आहे” म्हणत नाही. त्या दिवसांत तो घराची कौलं चाळतो, पेणला मेव्हण्याच्या कारखान्यात गणपतींना पॉलिश पेपर मारतो, किंवा कोलाडला राफ्टिंगच्या पर्यटकांच्या बोटी पंप मारून फुगवतो. मुंबईचे जे साहेब ब्रेक घेऊन त्या बोटीत बसतात त्यांना, ब्रेक मिळालेल्याने लाईफ जॅकेटचे बंद आवळून दिलेले असतात.

ब्रेकच्या पलीकडे जो स्वर्ग आहे त्याचं नाव ‘परमनंट’. कायम, स्थायी, चिरंतन, शाश्वत. वेदांतापासून सेवापुस्तकापर्यंत शब्द काही कमी नव्हते. पण चिरंतन मुलाला मुलगी कोण देणार? परमनंटला देतात. खालापूर ते माणगाव, स्थळाची माहिती याच एका शब्दाने उघडते. शिक्षण, उंची, गोत्र, आगरी-कुणबी-कोळी-मराठा हे सगळं नंतर. शब्द मुलालाच लावतात, नोकरीला नाही. “मुलगा परमनंट आहे.” देहाच्या नश्वरतेवर पिढ्यान्‌पिढ्या हरिपाठ म्हणणारी माणसं हे वाक्य ओसरीवर बसून बोलतात आणि कोणाला ठसका लागत नाही.

अशाच एका ओसरीवर मीही पाहुण्यांत होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडलांनी चष्मा पुसला, मुलाच्या चुलत्याकडे वळले आणि मुद्द्याचं विचारलं, “मुलगा परमनंट आहे ना?”

चुलते स्वतः कंपनीतून रिटायर झालेले. त्यांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि जपून म्हणाले, “मुलगा परमनंट आहे हो. कंपनीचं काय सांगता येत नाय.”